पोर बसते, पण अभ्यास होतो का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावयास उभे केले आहे खरे, परंतु माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय दिला आहे मुलांच्या अभ्यासाचा. जिला पोहता येत नाही तिला विहिरीच्या काठी उभे करून ‘पोरांना पोहायला शिकव’ म्हणावे, तसे हे झाले. चिटणीसबाईंना मी तसे बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी दोन वर्षांत जे घडले ते सांगा, दुसरे काही नको.” तेव्हा तेच सांगणार आहे. मधून मधून माझ्या लेकीच्या पुस्तकातले काही येईल. ते माझे नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

आपण बायका अभ्यास कशाने मोजतो? घड्याळाने. पोरगा किती वाजता बसला आणि किती वाजता उठला, एवढेच आपण पाहतो. स्वयंपाकघरातून हाक मारायची, “बसलास का रे?” तिकडून “हो” आले की आपली भाकरी सुखाने तव्यावर पडते. शेजारीण विचारते, “किती तास करतो?” आपण एखादा तास वाढवूनच सांगतो. मीही तशीच होते. माझा मुलगा दहावीत होता तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत दिवा जळे. पुस्तक मांडीवर, पेन्सिलीने ओळीखाली रेघा, ओठ हलताहेत, असे दिसले की मी मनात म्हणे, चला, पोर कष्टाळू आहे. त्या रेघांनी पुस्तकाचे पान असे भरे की रेघ नसलेली ओळच शोधावी लागे.

आता माझे स्वतःचे थोडे सांगते, कारण ते सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. माझे माहेर ह्याच तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा तीन कोसांवर, आणि मध्ये नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की वाट बंद. वडील म्हणाले, “मुलीच्या जातीला एवढे पुरे.” १९९४ साली माझी शाळा सुटली. मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना माझी शाळा सुटल्यावर आली. ज्या मैत्रिणीच्या घरापुढे एस.टी. थांबे ती पुढे शिकली. माझ्यापेक्षा ती काही फार हुशार नव्हती, हे मी आज तिच्या तोंडावरही म्हणते. ती इथेच पुढच्या रांगेत बसून हसते आहे.

तेव्हा माझ्या मनात एक गणित पक्के बसले होते. मला शिकण्याची इच्छा होती, वाट नव्हती. माझ्या मुलाला वाट आहे. शाळा दाराशी, वह्या-पुस्तके, गाईड, दिवा, पंखा सगळे आहे. मग तो मागे पडतो याचा अर्थ एकच, त्याला इच्छा नाही. आणि इच्छा नसलेल्याला काय करायचे? टोचायचे. मी रोज टोचीत असे. जाऊबाईंची मुलगी किती मन लावून करते ते सांगे. महर्षी कर्वे तरुणपणी परीक्षेला बसण्यासाठी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही, ही गोष्ट मी त्याला किती वेळा ऐकवली असेल याची मोजदाद नाही. एकदा तो त्रासून म्हणाला, “आई, मला चालायचं असतं तर मीपण चाललो असतो. मला गणित सोडवायचंय.” मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटते, त्याने एका वाक्यात सगळे सांगितले होते. मीच कान दिला नाही.

टोचून भागेना तेव्हा आमिष दाखवले. पासष्ट टक्के पडले तर नवा मोबाईल.

२०२३ च्या जून महिन्यात, दोन तारखेला, निकाल लागला. गणितात १८ आणि इंग्रजीतही नापास. आमचे हे बियाणे आणायला बाजारात गेले होते. मुलाने निकाल पाहिला, मला आकडा सांगितला, चपला घातल्या आणि घराबाहेर पडला. मला वाटले, मित्राकडे गेला असेल. दिवस मावळला, तरी पत्ता नाही. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात त्या आपण सगळ्याच वाचतो. मला त्याच आठवू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “शेतात बघ.” मी आणि माझी मुलगी बॅटरी घेऊन शेताकडे पळालो. पळालो म्हणजे खरोखरच पळालो. एक चप्पल वाटेतच राहिली.

तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

मी काही बोलले नाही. बोलायला तोंडात शब्दच नव्हता. जवळ जाऊन त्याचे मनगट घट्ट धरून तशीच बसले. बऱ्याच वेळाने तोच बोलला. “आई, मी वाचतो गं. खरंच वाचतो. घरी समदं येतं. पेपर हातात पडला की डोकं कोरं होतं. मग मला वाटतं मी मठ्ठच आहे.”

मैत्रिणींनो, मी त्याला मठ्ठ म्हणाले नव्हते. पण जाऊबाईंच्या मुलीचे नाव मी दिवसातून दोनदा घेत होते, त्याचा दुसरा अर्थ तो काय काढणार? घरी येईपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घरात पंचायत भरली. ह्यांचे म्हणणे, “पुरे झाले, शेतात लाव.” एक नातलग आले, त्यांनी हळूच सुचवले की अमुक केंद्रावर फॉर्म भरा, तिथे ‘सोय’ होते. सोय म्हणजे काय ते आपल्या भागात समजावून सांगायला नको. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर चढलेली माणसे आपण पाहिली आहेत. मी खोटे बोलणार नाही, त्या वेळी माझे मन ढळले होते. रात्रभर विहीर डोळ्यांपुढे होती. पोराच्या अंगावरचा नापासाचा शिक्का कसाही पुसला जावा एवढेच वाटत होते. नको म्हणणारा तो स्वतः होता. तो म्हणाला, “अन् पुढं? आयटीआयमधी मोटारीचे वेढे मोजायला बी माणूस भिंतीवर चढंल का?”

आयटीआयचे नाव घरात तेव्हा प्रथम निघाले. मला त्याला इंजिनियर करायचे होते. त्याला काय करायचे आहे हे मी दहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्याला वीजतंत्री व्हायचे होते. आमच्या शेतातली पाण्यातली मोटार जळली की तो ह्यांच्याबरोबर ती बांधायला देण्यासाठी जात असे आणि दुकानात तास न् तास बसून तांब्याची तार गुंडाळताना पाहत राही. आणि त्या शिक्षणाला दहावी पास लागते, गणित-विज्ञानासह लागते. हे कळल्यावर त्याला गणित हवे होते. आईसाठी नव्हे, मोबाईलसाठी नव्हे, त्या मोटारीसाठी हवे होते. म्हणजे इच्छा होती. मग नव्हते काय?

ते माझ्या लेकीने दाखवले. ती शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकत होती. तिच्या पुस्तकातून ती मला वाचून दाखवू लागली. एबिंगहाऊस नावाचा एक जर्मन पंडित होता. त्याने १८८५ साली पुस्तक लिहिले. निरर्थक अक्षरांच्या जोड्या स्वतःच पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचे, असा त्याने उद्योग केला. तासाभरातच निम्म्याहून जास्त विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. पण मध्ये दिवस सोडून पुन्हा पुन्हा म्हटले तर थोड्या श्रमात पक्के होते. दुसरी गोष्ट अलीकडची, २००६ सालची, अमेरिकेतली. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला. काहींना पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा उलटे झाले. लिहिणाऱ्यांना शंभरात ५६ च्या आसपास आठवत होते, वाचणाऱ्यांना ४२. आणि गंमत अशी की आपल्याला चांगले आठवेल असा भरवसा जास्त होता तो पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

हे ऐकले आणि माझ्या हातातले निवडायचे तांदूळ तसेच राहिले. “घरी समदं येतं,” असे जे तो विहिरीवर म्हणाला, ते हेच नव्हे का? पुस्तक उघडे असताना सगळे ओळखीचे दिसते. ओळखीचे दिसणे आणि येणे, यांत फरक आहे. बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र आठवत नाही, तसेच.

आमच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, “यात नवं काय? आमच्या घरी दिवे लागले की पोरं परवचा म्हणत.” आणि मला एकदम लख्ख दिसले. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी! पोरे पुस्तक घेऊन बसत होती का? हात जोडून, देवापुढे, रोज, पाठ म्हणत होती. चुकले की आजोबा थांबवत. हे पुस्तक मिटून आठवणे नव्हे तर काय? माझे आजोबा निजामाच्या अमदानीत शिकले. त्या काळी इथे उर्दूचा अंमल. शाळेतली भाषा घरात नाही आणि घरची भाषा शाळेत नाही. तरी म्हातारपणापर्यंत त्यांची औटकी चुकत नसे. आणि सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या? शेकड्याने येतात. त्या त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचल्या? दळताना म्हटल्या, अडल्या, शेजारणीने पुढचे चरण दिले, उद्या पुन्हा म्हटल्या. आपल्या घरातली ही जुनी रीत आपणच मोडली आणि पोरांच्या हाती रेघा मारायला पेन्सिल दिली. परवच्याला आज नावे ठेवतात, घोकंपट्टी म्हणतात. अर्थ न कळता म्हटले तर ती घोकंपट्टी आहेच, ते मला मान्य आहे. पण टाकताना आपण कोंड्याबरोबर दाणाही टाकला.

आता लातूरचे सांगते. आपल्या मराठवाड्यात ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द ऐकला नाही अशी आई नसेल. माझी मावसबहीण तिथे दिली आहे. मुलाला लातूरला ठेवावे, त्यासाठी गळ्यातले मोडावे, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. म्हणून तिला फोनवर नीट विचारले की तिथे नेमके करतात काय. राजर्षी शाहू महाविद्यालय तिथे १९७० साली निघाले, डॉ. जनार्दन वाघमारे हे पहिले प्राचार्य. पुढे त्या कॉलेजची आणि गावाची मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत इतकी झळकू लागली की पुण्या-मुंबईची माणसे चकित झाली. तेव्हा मंडळ यादी लावीत असे. पुढे ती पद्धतच बंद झाली. मला वाटे, तिथे फार कडक शिस्त असेल, मुलांना झोपू देत नसतील. बहीण म्हणाली, “शिस्त आहेच. पण मुख्य म्हणजे अभ्यासक्रम लवकर संपवतात आणि मग पेपरावर पेपर. सोडवायचा, तपासून घ्यायचा, काय चुकले ते समजून घ्यायचे, पुन्हा सोडवायचा.” म्हणजे पुन्हा तेच! आमच्या सासूबाईंचा परवचा, लातूरच्या बाकावर बसलेला. तिथे चांगले शिक्षक आहेत, सोबतीला अभ्यासू मुले आहेत, ते मी आपल्या घरात कुठून आणणार? पण पेपर सोडवून चूक पाहणे, याला गळ्यातले मोडावे लागत नाही. आणि बहिणीने दुसरीही बाजू सांगितली. खोल्याखोल्यांतून राहणारी परगावची मुले, त्यांच्या फिया, आणि नंबर मागे गेला की दार लावून बसणारी पोरे. ते ऐकून माझा मोह गेला. विहिरीवरून परत आणलेले पोर मी दूर ठेवणार नव्हते.

मग आम्ही घरीच सुरुवात केली. पुरवणी परीक्षा जुलैत होती, हातात दीड महिना.

रात्री जेवणे झाली की तो पुस्तक माझ्या हातात देई आणि स्वतः भिंतीला टेकून बसे. जे वाचले ते न पाहता सांगायचे. मी सातवी शिकलेली. वर्गसमीकरण म्हणजे काय ते मला काय कळणार? मी म्हणे, “कळले नाही.” तो पुन्हा सांगे. “अजून नाही कळले.” तो चिडे. चिडून का होईना तिसऱ्यांदा सांगताना त्याचे त्यालाच समजे की आपले अडते कुठे आहे. मी शिकलेली असते तर मीच पुढचे सांगून टाकले असते आणि त्याचे राहिले असते. माझ्या अडाणीपणाचा उपयोग झाला असा हा आयुष्यातला एकच प्रसंग! मी दमले की सासूबाई बसत. त्या तर आणखी कडक. “मला समजंल असं सांग, न्हाईतर तुला बी समजलं न्हाई.”

सोडवून दाखवलेले उदाहरण पाहून तो मान डोलवी आणि वहीत उतरवून काढी. ते बंद केले. उत्तरावर ताटली ठेवायची. स्वतः सोडवायचे, मग ताटली उचलायची. पहिले आठ दिवस ताटली उचलताना त्याचा चेहरा पाहवत नसे. माझ्या मनात येई, पूर्वी बिचारा निदान आनंदाने रेघा तरी मारीत होता.

‘अर्थनियोजन’ नावाचा एक धडा आहे, त्यात जीएसटीची उदाहरणे. ती त्याला मुळीच येईनात. मी फडताळातून फवारणीच्या औषधाची पावती काढली. त्या साली औषधावर १८ टक्के कर होता, ९ केंद्राचा आणि ९ राज्याचा. आणि शेजारच्या बियाण्याच्या पावतीवर कर नाही. पावती पाहून तो हसला. “हे एवढंच?” म्हणाला. त्या धड्याला त्याला पुन्हा कोणी शिकवावे लागले नाही.

आणि चिठ्ठ्यांचा डबा. ही युक्ती मुलीची, पण डबा आपल्या भिशीचा. एका धड्याची दहा उदाहरणे एका बैठकीत केली की अकरावे येतेच. कारण रीत तीच असते. पेपरात मात्र अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, दोन चलांची समीकरणे सगळी मिसळून येतात, आणि कुठे कोणती रीत लावायची तिथेच पोर अडते. म्हणून निरनिराळ्या धड्यांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली. रोज पाच काढायच्या. आलेली चिठ्ठी आठ दिवसांनी पुन्हा डब्यात; न आलेली दुसऱ्याच दिवशी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी त्या खुणा असत. गवळ्याने एकदा विचारले, “वहिनी, हे श्रे म्हणजे किती लिटर?”

मोबाईलचे काय झाले ते राहिलेच. लेकीच्या पुस्तकात त्याचेही उत्तर सापडले. १९७३ साली अमेरिकेत बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा म्हणजे सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालेही. पण थोड्या दिवसांनी पाहिले तो तीच मुले आपणहून चित्र काढायला पूर्वीपेक्षा कमी बसू लागली होती. ज्यांना काही कबूल केले नव्हते ती होती तशीच काढीत होती. मुलगी म्हणाली, “बघ आई, तुझ्या मोबाईलनं घात केला.” मला ते पूर्ण पटले नाही. त्या मुलांना चित्रांची आवड आधीपासून होती. माझ्या मुलाला गणिताची आवड होतीच कुठे, जी मोबाईलने जाईल? माझे मत असे की आमिषाने पोर जागेवर बसते, पण बसून करायचे काय हे आमिष सांगत नाही. मी पासष्ट टक्क्यांना बक्षीस लावले. ते त्याच्या हाताबाहेरचे होते. पाच चिठ्ठ्या सोडवणे हातातले होते.

आणि एक पाहिले. आधी गोडी लागते मग जमते, असे आपण समजतो. माझ्या घरी उलटे घडले. जूनच्या शेवटी एके रात्री पाचांपैकी चार चिठ्ठ्या न अडता आल्या. तो काही बोलला नाही. पण उठून त्याने डब्यातली सहावी चिठ्ठी काढली. कोणी सांगितले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. सासूबाईंनी विचारले तर म्हटले, कांदा.

जुलैच्या परीक्षेत गणितात ४६ पडले. आणि इंग्रजी पुन्हा गेले.

हे मी लपवणार नाही, कारण मग भाषण खोटे होईल. इंग्रजी का गेले? मला ऐकता येत नव्हते. सासूबाईंना तर नाहीच. गणितात ‘कळले नाही’ म्हणणे चालले. इंग्रजीत तो चूक म्हणतो की बरोबर, हे सांगणार कोण? मग आम्ही नकळत जुन्याच वाटेला लागलो. त्याने पुस्तक वाचायचे, रेघा मारायच्या, आणि आम्ही समाधान मानायचे. नुसते आठवून म्हटले आणि चूक दाखवायला कोणी नसेल तर चूकच पक्की होते. इथे आईची माया अपुरी पडते. जाणता माणूसच लागतो. शेवटी जाऊबाईंच्या त्याच मुलीला विचारले. मला जड गेले. जिचे नाव घेऊन मी त्याला टोचले, तिच्यासमोर त्याला बसवायचे! दोघेही पहिले दोन दिवस एकमेकांकडे न पाहता बसले. मग तिनेच सांगितले की नववीत तिलाही इंग्रजी येत नव्हते, आणि माझी काकू माझे नाव घेते म्हणून मला भाऊ बोलत नाही, याचे तिला फार वाईट वाटे. मला हे कुठे माहीत होते! २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे इंग्रजी सुटले. त्याच वर्षी तो आयटीआयला लागला. आमच्या शेतातली मोटार यंदा त्याने उघडली. बांधता आली नाही, दुकानातच न्यावी लागली. पण कुठे जळली ते त्याने आधी सांगितले होते आणि ते बरोबर निघाले.

माझ्या मुलाला पाच तास बसण्याची ताकद आधीही होती, हे मी विसरू शकत नाही. त्याचे कष्ट कमी नव्हते. नापासाचा आकडा पाहून मी त्याला आळशी समजले, आणि तो स्वतःला मठ्ठ समजला. दोघांचेही चुकले, आणि त्या चुकीपायी काय होऊन बसले असते ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. ज्यांच्या घरी यंदा दहावी आहे त्यांनी निकालाच्या दिवशी पोराला एकटे बाहेर जाऊ देऊ नये, एवढे मी हात जोडून सांगते. आकडा कितीही असो.

आपल्या मंडळाची खोली संध्याकाळी सहा ते आठ रिकामी असते. सोमवारपासून तिथे परवचा सुरू करू असे आम्ही सात-आठ जणींनी ठरवले आहे. पाठीवर मारणे नाही, टक्के विचारणे नाही. पोराने पुस्तक बाईच्या हातात द्यायचे आणि सांगायचे. बाईला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही. सासूबाईंनी दोन दिवस कबूल केले आहेत. इंग्रजी आणि गणित तपासायला कॉलेजच्या दोन मुली येणार आहेत. घरी जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर त्या रद्दीत घालू नका, इथे आणून द्या. झाकणाचे डबेही हवे आहेत.

आणि एक गोष्ट सांगायची नव्हती, पण चिटणीसबाई खुणावताहेत. मी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून माहेरच्या शाळेत गेले. गुरुजींनी जुने रजिस्टर काढले. माझे माहेरचे नाव, आणि पुढे शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘घरकाम’. तो दाखला घेऊन मी नाल्यावरून परत आले. आता तिथे पूल आहे. डब्यातल्या चिठ्ठ्या सध्या माझ्या आहेत. रात्री मुलगा पुस्तक हातात घेऊन बसतो आणि मी भिंतीला टेकते. परवा संभाव्यतेची चिठ्ठी निघाली, मला काही केल्या येईना. मी म्हटले, “सांगून टाक ना रे.” त्याने नुसतीच मान हलवली आणि चिठ्ठी घडी करून पुन्हा डब्यात टाकली.